खांड बसली, सांग त्याला

पेण, १२ सप्टेंबर, गुरुवार

सुजय,

हाक टाकायची आणि निघून जायचं, ही तुझी दुसरी खेप. पहिल्यांदा बांधावर केलंस, आता दवाखान्यात. बापाच्या कानात तोंड घालून ‘बाबा, खांड पडली, उठा’ ओरडलास, तो उठायला गेला, आणि मी पाठी वळून बघते तर तू जिन्यातसुद्धा नाय. फोन लावते तर बंद. दिशाला लावला तर ती बोलते, आई, ते ड्युटीवर गेलेत. ड्युटीवर फोन नेऊ देत नाय, ते मला माहीत हाय. पण मंगळवारपासून सलग ड्युटी कुठल्या कंपनीत असते, ते तरी कळू दे.

म्हणून लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि लावणीच्या दिवसांत तीही नाय. चुकलं असेल ते सुधारून वाच, तुला बारावीपर्यंत शिकवला तो कशाला. अस्लम रोज धाटावला तुझ्या कंपनीत शिफ्टची गाडी घेऊन जातो, त्याच्याकडे देते. तो बोलला, "वहिनी, गेटवर उभा राहून हातात देतो, बघू कसा चुकवतो."

तू पळालास त्याच्यापुढचं ऐक. बापूस तोंडातली नळी ओढायला लागला. पाय असे झाडत होता की चादर खाली, गादी तिरकी. मशीन बोंबलायला लागली. अनिता सिस्टर आणि दोघा वॉर्डबॉयनी मिळून हात धरले. या माणसाने इतके दिवस बोट हलवलं नव्हतं, आणि आता तिघांना आवरेना. इथली डॉक्टर, प्रणिता मॅडम, धावत आली. नळी अर्धी बाहेर सरकली होती. ती नीट बसवली, झोपेचं औषध परत वाढवलं, हात कठड्याला पट्ट्यांनी बांधले.

पनवेलहून मोठा डॉक्टर येतो, त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "कोण होता तो?"

मी बोलले, "पोरगा हाय."

"पोरगा की दुश्मन?"

"पोरगाच. दुश्मन असता तर बघायला थांबला असता."

मॅडमने मला बाजूला घेतलं. पोर वयाने तुझ्याएवढीच असेल, पण बसून ऐकते. विचारलं, "मावशी, खांड म्हणजे काय? ते ऐकून काका असे का उठले?" मी सांगितलं, आमची शेतं खाडीला लागून, मध्ये मातीचा बांध. बांध फुटतो ती खांड. भरतीचं खारं पाणी आत शिरलं की त्या शेतात पुढची दोन-तीन वर्षं भात होत नाय. म्हणून ज्याला पहिली दिसते त्याने हाक टाकायची, आणि हाक ऐकली की गावातल्या प्रत्येक पुरुषाने असेल तसं धावायचं. तुझा बापूस काळुराम तर ताटावरून उठून जातो, हात न धुता.

मॅडम बोलली, "म्हणजे मुलाने त्यांना जागं केलं नाही, कामावर बोलावलं."

व्हय, असंच झालं. तुझं मन वाईट नव्हतं, ते मला कळतं. सिस्टर बोलली होती की औषध कमी केलंय, ओळखीच्या आवाजात बोला, डोळे उघडतील. मी ‘अहो’ बोलले, आत्या ‘दादा’ बोलली, पापणी हलली नाय. तुला वाटलं, एक हाक हाय जिला हा माणूस उठणारच. खरंच उठला. पण तोंडात नळी असलेला माणूस उठून जाणार कुठे, एवढा विचार करायचास.

आता मशीनचं. तू पाच मिनिटं उभा राहिलास, मी गणपतीच्या आधीपासून याच बाकड्यावर हाय, म्हणून तुझ्यापेक्षा मला जास्त ठाऊक. पडद्यावर डोंगर येतात ते बघितलेस ना. सगळे सारखे, एका उंचीचे, एका अंतरावर. ती पहिली तऱ्हा. मॅडम त्याला मोड बोलते. त्यात मशीन हवेचं माप धरते आणि तिच्या वेळेला आत घालते. माणूस झोपलेला असो, दमलेला असो, त्याने काय करायचं नाय. मी भांडले होते पहिल्या दिवशी. एवढ्या मोठ्या माणसाला एवढीशीच हवा? उपाशी मारता काय? मॅडमने कागदावर काढून दाखवलं. लेप्टोच्या तापाने फुफ्फुस सुजलंय, बराच भाग पाण्याने भरलाय, चांगला भाग थोडाच उरलाय. सगळ्याची हवा त्या थोड्यात कोंबली तर तो फाटेल. म्हणून कमी-कमी द्यायची आणि श्वास सोडला तरी थोडी आतच राहू द्यायची, नाहीतर उरलेलं मिटतं. ते मला लगेच पटलं. आपण बोटभर पाणी शेतात ठेवतोच ना, जमीन भेगाळू नये म्हणून. आणि सगळ्या शेतांचं पाणी एका शेतात सोडलं तर कुठचा बांध टिकतो.

दुसरी तऱ्हा म्हणजे श्वास माणसाने ओढायचा. त्याने जरा ओढला की मशीनला कळतं, मग ती पाठून ढकलते. त्याने ओढलाच नाय तर ती शिटी मारते. बांधातली उघाडी आठव. ओहोटी लागली की शेतातलं पाणी आतून रेटतं आणि फळी आपली आपण उघडते, कोणी दोरी ओढायला लागत नाय. आणि पहिली तऱ्हा म्हणजे डिझेलचा पंप, खाडीत भरती हाय की ओहोटी त्याला घेणंदेणं नाय. उलटसुलट असेल माझं, पण मला तसं कळलं.

तुझा बापूस परत पंपावर गेला, तुझ्या हाकेमुळे.

पण आज सकाळी मॅडम बोलली, "मावशी, एक गोष्ट चांगली पण झाली. ते उठले तेव्हा स्वतःचे श्वास किती जोरात ओढत होते, ते मशीनमध्ये दिसतंय. एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं." म्हणून मी तुला शिव्या कमी देते. एरवी हा कागद पुरला नसता.

फोन चालू कर.

आई


पेण, १५ सप्टेंबर, रविवार

सुजय,

डबा मिळाला. अस्लमने दिला आणि बोलला, "दिशाने पाठवलाय." दिशानेच भरला असेल, तांदळाची भाकरी तिच्याच हातची, कडा जाड. पण डब्यावर तुझं नाव कोरलेलं हाय. रोह्याच्या बाजारातून घेतलास तेव्हा दुकानदाराकडून कोरून घेतलेलं. म्हणजे स्वतःचा डबा इकडे पाठवलास आणि कँटीनचं खाल्लंस. सुकटीची चटणी सगळी खाल्ली. बाकड्यावर बसून खाल्ली, त्या शेजारच्या बाईला वास सहन होईना, ती उठून गेली, मला पाय पसरायला जागा झाली.

पण डबा म्हणजे उत्तर नाय. पत्र वाचलंस हे मला कळलं, एवढंच. हे पत्र त्याच डब्यात घालून पाठवते, आता अस्लमला गेटवर उभं राहायला नको. डबा तर उघडशील.

काल मॅडमने औषध कमी केलं आणि दुसरी तऱ्हा लावली. मला आत उभं केलं, बोलली, बोलत राहा पण साधं बोला. साधं म्हणजे काय बोलायचं. आमच्यात साधं कोण बोललंय कधी. मी बोलले, गणपती दाजींनी आणले, दीड दिवसाने विसर्जन केलं, मोदक आत्याने केले, फुटले. पडद्यावर बघते तर डोंगर बिघडले. एक मोठा, एक बारका, मध्येच मोकळं, मग दोन लागोपाठ. मी ओरडले, "सिस्टर, मशीन बिघडली."

अनिता सिस्टर बोलली, "बिघडली नाय मावशी. इतके दिवस मशीन लिहीत होती, आता काका लिहितात."

"मग बरोबर हाय. याचं अक्षर पण असंच वाकडं."

आणि त्याने डोळे उघडले. पिवळटपणा गेलाय डोळ्यातला, ते मला तेव्हा दिसलं. माझ्याकडे बघितलं, ओळखलं. मग दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्याचा हात कठड्याला बांधलेला, त्याने तळहात पालथा केला आणि गादीवर हळूच थोपटला. परत थोपटला.

मॅडम बोलली, "काय पाहिजे काका? दुखतंय?"

मला माहीत होतं काय पाहिजे. तुलाही माहीत असेल, तू त्या बांधावर वाढलास. लांबून, वाऱ्यात आवाज पोचत नाय तेव्हा पुरुष असा पालथा हात दाबून विचारतात. बसली काय? खांड बसली काय, म्हणजे बुजली काय?

मी त्याच्या कानाशी जाऊन बोलले, "पडलीच नाय. पोरगं तुला उठवायला खोटं बोललं."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि डोळे छताला लावले. ते बघणं मी चांगलं ओळखते. लग्न झाल्यापासून दर उधाणाला मी याला ‘काय नाय झालं, जेवून घे’ असंच सांगत आले. खांड पडलेली असली तरी तेच सांगायचे, दोन घास पोटात जावे म्हणून. आणि परत तशी वेळ आली तरी तेच सांगीन. पण आता मी कशालाही नाय बोलले तरी त्याच्या हिशोबात ते व्हय.

मग पाय सुरू झाले. गादीवर टाचा घासायला लागला. डोंगर दाटीवाटीने यायला लागले, बारके बारके, एकावर एक. कपाळ घामाने भिजलं. मॅडमने घाई केली नाय, तिचं मला आवडलं. हात धरून उभी राहिली, "हळू, काका, लांब श्वास" करत राहिली, मशीनचं ढकलणं जरा वाढवून बघितलं. पण तो ऐकायला इथं होताच कुठे. शेवटी तिने परत औषध दिलं आणि पहिली तऱ्हा लावली. मला बोलली, "दमले, मावशी. आज नाही झेपलं."

मी बोलले, "दमला नाय. तो बांधाकडे धावत होता."

तिने मला तिच्या खोलीत नेलं, चहा सांगितला. मी सगळं सांगितलं. हाक टाकणाऱ्याने खांड बांधून होईपर्यंत तिथून हलायचं नाय, आणि बांधून झाली की त्यानेच मोठ्याने ‘बसली’ बोलायचं. दुसऱ्या कोणी बोललेलं चालत नाय. तो बोलला की मगच माणसं पाण्यातून निघतात, हात-पाय धुतात, घरी जातात. का, ते मला विचारू नको, मी लग्न होऊन आले तेव्हाही तसंच होतं. मला वाटतं, खोटी हाक कोणी टाकू नये म्हणून असेल. ज्याने माणसं गोळा केली त्यानेच ती घरी पाठवायची.

मॅडमने चहा तसाच ठेवला. बोलली, "मग त्यालाच बोलवा. हे औषध माझ्याकडे नाही."

तिला मी पुढचं नाय सांगितलं. तुला सांगायची गरज नाय, पण लिहायला बसलेच हाय.

दोन वर्षांपूर्वी श्रावणातल्या उधाणाला तू हाक टाकलीस. चांगली टाकलीस, घुमली पार आळीपर्यंत. बापूस खूश होता. धावता धावता मला बोलला, "पोरग्याचा आवाज माझ्या बापावर गेला." आणि सगळे पाण्यात उतरले तेवढ्यात नाक्यावर कंपनीच्या गाडीने हॉर्न दिला. तू टेम्पररी होतास. त्या महिन्यात आधीच खाडे झालेले. तू चिखलाच्या पायाने गाडीत चढलास. खांड बसायला दुपार टळली. बांध दाबून झाला, पेंढा-माती सगळं झालं, आणि माणसं कमरेभर पाण्यात नुसती उभी. एकमेकांकडे बघतात. कोणी निघेना. शेवटी तुझा बापूस बोलला, ‘बसली’. तुझ्या वतीने, खाली बघून. मी वरून बघत होते. कोणी हसलं नाय, ते जास्त वाईट होतं.

त्याच्यानंतर तो तुझ्याशी बोलला नाय आणि तू रोह्याला खोली घेतलीस. तासाभराचा रस्ता, पण तुम्ही दोघांनी त्याची दुबई केली.

गाडी सोडली असतीस तर नोकरी गेली असती, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यालाही कळत होतं. कळलं म्हणून राग जातो, असं नसतं. आणि आता तुला वाटत असेल, मी तिथं आलो तर तो मला बघून परत उठेल, परत नळी ओढेल, या वेळेला मरेल, आणि ते माझ्या नावावर जाईल. असंच ना? मला नाय तर दिशाला तरी सांग.

डबा परत पाठवशील तेव्हा त्यात कागद पाहिजे. दोन ओळी चालतील.

आई


पेण, १८ सप्टेंबर, बुधवार

सुजय,

डबा आला. वालाचं बिरडं आलं. कागद नाय आला. मी बिरड्यात बोट घालून बघितलं.

आज पौर्णिमा, खाडीला उधाण. दवाखान्याच्या त्या खोलीला खिडकी नाय, गारठा आणि सारखा दिवा, आत दिवस कुठला ते सिस्टरला पण मोबाईल बघून कळतं. तरी सकाळपासून तुझा बापूस औषधात असताना पण टाच घासतोय. याला पाणी चढलेलं कुठून कळतं, देव जाणे.

दाजी आले होते, तुझ्या आत्याला घेऊन. मी त्यांना सगळं सांगितलं. दाजी बोलले, "मी सांगतो त्याला, माझा शब्द तो मोडत नाय." मॅडमने औषध हलकं केलं तेवढ्यात दाजींनी कानात सांगितलं, "काळू, बसली रे. चल घरी." बापसाने डोळे उघडले, दाजींकडे बघितलं, आणि बांधलेल्या हाताचा पंजा नुसता हलवला. नाय म्हणून. मग पालथा केला. परत तेच.

आत्या रडायला लागली. "तोंडात नळी हाय तरी हट्ट बघ गो याचा."

"नळी नव्हती तेव्हा काय कमी होता," मी बोलले.

दाजी बाहेर येऊन बाकड्यावर बसले. मग बोलले, "त्याच्या जागी मी असतो तर मलाही पटलं नसतं, शकू. आवाज दुसऱ्याचा होता."

बघ. दाजींसारखा माणूस, जे तुझ्या नावाने आळीत काय काय बोललेत ते तुला माहीत हाय, ते पण तुझ्याच आवाजावर येऊन थांबले.

आता मुद्द्याचं, नीट वाच. आज दोन्ही डॉक्टर माझ्यासमोर बोलले. मोठा डॉक्टर बोलला, पहिल्या तऱ्हेवरच ठेवूया, गळ्याला भोक पाडून नळी तिथून घालूया, म्हणजे तोंड मोकळं होईल, औषध कमी लागेल, आणि मग सावकाश महिनाभरात मशीन सोडवू. मॅडम बोलली, सर, एकदा अजून दुसऱ्या तऱ्हेवर बघू द्या, फुफ्फुस बरंच सुधारलंय, शांत राहिले तर नळी निघेल. दोघं भांडत नव्हती. नवरा-बायको पोराच्या लग्नाचं बोलतात तशी बोलत होती, दोघांना पोर चांगलंच पाहिजे.

मी मध्ये तोंड घातलं. "मला एक सांगा. दोन्हीतली चांगली तऱ्हा कुठली?"

मोठा डॉक्टर मला वाटला होता तेवढा तुसडा नाय. खुर्ची ओढून बसला. बोलला, "बाई, चांगली-वाईट असं नसतं. सगळं मशीनने केलं तर फुफ्फुसाला आराम मिळतो. पण फार दिवस तीच करत राहिली तर श्वासाचे स्नायू काम विसरतात. उलट पेशंटवर लवकर सोपवलं, तर तो दमून कोसळतो. मशीन दोन्ही करू शकते. कधी सोपवायचं, एवढंच आम्ही ठरवायचं. आणि त्यात आम्हीही चुकतो."

त्याने ‘आम्हीही चुकतो’ म्हटलं, म्हणून मी त्याला बरा म्हणते.

मग बोलला, "पण यांचं एक वेगळं आहे. फुफ्फुस तयार होत आलंय आणि माणूस पळतोय. दर वेळी जागं केलं की असं पळत राहिले, तर हृदयाला झेपणार नाही. ती जोखीम मी सारखी घेणार नाही."

तर ठरलं असं. शनिवारी सकाळी शेवटचं बघायचं. औषध बंद, दुसरी तऱ्हा, आणि तो शांत राहिला तर नळी काढायची. नाय राहिला तर परत झोपवायचा आणि सोमवारी गळ्याला भोक. भोकाला मी घाबरत नाय. शेजारच्या बाईच्या नवऱ्याला केलंय, तो बरा होतोय, हाताने पेपर मागतो. सही लागली तर मी करीन, मला सही येते. पण बरेच दिवस बोलता येणार नाय. तुझ्या बापसाला, ज्याची साधी हाक पण पलीकडच्या बांधावर ऐकू जाते. आणि तेवढे सगळे दिवस तो आतल्या आत धावतच राहणार, डोळे मिटून, औषधात. कशासाठी? जी पडलीच नाय त्या खांडीसाठी.

मी मॅडमला विचारलं, पोरगा आला तर शंभर टक्के नळी निघेल काय? तिने नाय म्हटलं. "नाही मावशी. तसं मी सांगू शकत नाही." मग मी तुला तरी कशी सांगू. येशील आणि तरी नाय जमलं, असं होऊ शकतं. झालं तर ते तुझ्या नावावर नाय. मी लिहून देते, हे पत्र ठेव जवळ. पण न येता नाय जमलं, तर ते कोणाच्या नावावर, ते तू ठरव.

आज बाकड्यावर बसून माझ्या डोक्यात आलं, मी तुला हे पत्रावर पत्र घालते, तुला पाहिजे की नको ते न बघता, म्हणजे मी पहिल्या तऱ्हेची मशीन झाले. माप माझं, वेळ माझी, तू नुसतं पडून राहायचं. असंच वाढवलं मी तुला. बापसाने पण तसंच. तुझ्यात जीव किती हाय ते बघायला आम्ही दोघं थांबलोच नाय. पण तू डबा पाठवलास. मी मागितला नव्हता. तो पण बारकाच श्वास हाय, पडद्यावर कोणाला दिसला नाय तरी मला दिसला. म्हणून आता तऱ्हा बदलते. जरासं तू ओढ, बाकीचं मी पाठून ढकलते. दाराशी तुझ्याबरोबर उभी राहीन, आत तुझ्याबरोबर येईन. कोणी काय बोललं तर तोंड माझं हायच.

खोटं बोलायला तुला सांगत नाय. आधी बांधावर जा. उघाडीपासून पार कोपऱ्यातल्या खांबापर्यंत चालत जा, पायाखाली बघत. शुक्रवारपर्यंत उधाणाचं पाणी वरपर्यंत येणार हाय, दाजी आणि बाकीचे लक्ष ठेवून हायत, त्यांच्याबरोबर उभा राहा. कुठं झिरपत असेल तर हाताने दाब. आणि खरंच खांड पडली, तर हाक टाक आणि या वेळेला बसेपर्यंत थांब. कंपनीला दाखवायला कागद पाहिजे तर मॅडम देईल, मी बोलून ठेवलंय. मग दवाखान्यात ये. सिस्टर दारात साबणाने हात धुवायला लावते, टोपी घालते, चपला बाहेर. धू सगळं. नखातला चिखल मात्र एका धुण्यात जात नाय, तो राहील. त्याच्या बांधलेल्या हातात हात दे. तो थोपटून विचारेल. मग तू सांग, मोठ्याने, बांधावर सांगतात तसं. आयसीयूत ओरडायचं नसतं, ते मी सिस्टरला आधीच सांगून ठेवलंय, एक हाक पडणार हाय, मशीनवाल्यांना दचकू देऊ नका. ती बोलली, "मावशी, तुमच्या घरची एक हाक आम्ही ऐकलीय." मी बोलले, ती अर्धी होती.

फोनवरून नको. फोनवर ‘बसली’ बोललेलं मी आजवर ऐकलं नाय, आणि त्याला ते खरं वाटणार नाय.

डबा या पत्राबरोबर रिकामा पाठवते. परत भरून पाठवू नको. दिशाला सांग, बिरडं छान झालं होतं, मीठ जरा कमी.

शुक्रवारी तुझी शिफ्ट संपल्यावर अस्लमची गाडी धाटावहून सुटते. त्या गाडीत तू बसलेला पाहिजेस, म्हणजे रात्रीच्या भरतीला बांधावर पोचशील आणि शनिवारी सकाळी इथं. येणार नसशील, तर तसं अस्लमच्या तोंडावर सांग, म्हणजे तो मला फोन करून सांगेल आणि मी सोमवारच्या सहीची तयारी ठेवीन. येतो की नाय, शुक्रवारी गाडी सुटायच्या आत मला कळलं पाहिजे.

आई